गाडी केव्हां सुटेल?

प्रवासास निघालेल्या मनुष्याचे प्रश्न फार मोठे नसतात. माझी गाडी कोणती, ती कोठें लागते, केव्हां सुटते आणि आज ती खरोखर येणार आहे कीं नाहीं, एवढेंच त्यास जाणून घ्यावयाचें असतें. ह्या चारही प्रश्नांचीं उत्तरें त्याच आवारांत कोणास ना कोणास ठाऊक असतात. असें असूनही कोणत्याही एस. टी. स्थानकावर घटकाभर उभें राहून कान दिला, तर "अहो, ही गाडी कोठें जाते हो?" हें वाक्य पुनःपुन्हा ऐकूं येईल. गंमत अशी कीं, हें विचारणारा जसा प्रवासी, तसाच ज्यास तें विचारलें जातें तोही बहुधा प्रवासीच असतो. एक न जाणणारा दुसऱ्या न जाणणारास विचारतो, आणि मग दोघे मिळून तिसऱ्याकडे वळतात.

प्रस्तुत लेखांत आम्हीं ह्याच साध्या गोष्टीचा विचार करण्याचें योजिलें आहे. प्रवाशास मिळणारी माहिती चांगली कोणती, वाईट कोणती, ती कशी तयार होते, वाटेंत कोठें गळते आणि तिच्या अभावीं कोणाचें किती नुकसान होतें, हें समजावून द्यावें असा आमचा हेतु आहे. विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या खेड्यांतून हायस्कूल, दवाखाना, बाजार आणि कचेरी हीं सर्व दूर असतात, तेथें मोटारीची बातमी ही मोटारीइतकीच महत्त्वाची असते. जी गाडी केव्हां येईल हें कोणास कळत नाहीं, ती असून नसल्यासारखीच होय.

प्रथम आपल्या मुलखाकडे पाहूं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा करण्यांत आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगांव आणि औंढा नागनाथ असे त्याचे पांच तालुके आहेत. २०११ च्या खानेसुमारींत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें पावणेबारा लाख भरली, व तींतील बहुतेक लोक खेड्यांत राहणारे आहेत. पूर्णेहून अकोल्यास जाणारा लोहमार्ग जिल्ह्यांतून गेला आहे खरा. पण तालुक्याच्या पांच गांवांपैकीं वसमत आणि हिंगोली ह्या दोहोंसच त्याचा लाभ मिळतो. कळमनुरी, सेनगांव व औंढा ह्या गांवांस रेल्वेस्थानक नाहीं. म्हणजे जिल्ह्यांतील सामान्य मनुष्याचें येणें-जाणें सडकेवर आणि त्यांतही मोठ्या अंशीं एस. टी. वर अवलंबून आहे. हिंगोली, वसमत व कळमनुरी येथें एस. टी. चीं आगारें आहेत, आणि तीं परभणी विभागाखालीं मोडतात.

आतां थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे, कारण आजच्या दोषाचें मूळ त्यांत सांपडतें. मराठवाडा निजामाच्या राज्यांत असतांना, १९३२ सालीं तेथील रेल्वेखात्याच्याच एका शाखेनें २७ मोटारी घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. तिकडे मुंबई प्रांतांत १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास पहिली एस. टी. धावली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ सालीं निरनिराळ्या भागांतील सरकारी मोटारसेवा एकाच महामंडळांत एकत्र झाल्या. ह्यावरून असें दिसतें कीं, आपल्या मुलखांतील सरकारी मोटार ही मूळची रेल्वेच्या घरांत जन्मलेली आहे. वेळापत्रक, चौकशीची खिडकी, फलाट हे शब्द व ह्या वस्तु तिनें रेल्वेकडूनच घेतल्या.

वेळापत्रक घरोघर पोंचविलें तें मुख्यतः रेल्वेनें. इंग्लंडांत जॉर्ज ब्रॅडशॉ ह्या गृहस्थानें १८३९ सालीं रेल्वेगाड्यांच्या वेळांचें पुस्तक छापलें, तेव्हांपासून प्रवासाची वेळ आगाऊ छापून ठेवण्याची चाल अधिकच रूढ झाली. तत्पूर्वीं गांवोगांवचें घड्याळ सूर्याकडे पाहून लावलें जाई, आणि एका गांवचे दहा हे दुसऱ्या गांवचे दहा नसत. आपल्या देशांत १ जानेवारी १९०६ पासून एक प्रमाणवेळ ठरली, तिच्या मागेंही रेल्वेची निकड हें एक मोठें कारण होतें.

परंतु मोटारीनें रेल्वेकडून वेळापत्रक घेतलें, तरी त्याच्या पाठीशीं असलेली एक महत्त्वाची वस्तु तिला घेतां आली नाहीं. रेल्वेंत एका स्थानकावरून गाडी सोडण्यापूर्वीं पुढच्या स्थानकास विचारावें लागतें, आणि त्याची संमति आल्यावांचून गाडी हलत नाहीं. हा नियम अपघात टाळण्यासाठीं केलेला आहे. परंतु त्यामुळें आपोआप असें घडतें कीं, गाडी कोठपर्यंत आली हें पुढच्या स्थानकास सदैव ठाऊक असतें. सडकेची गोष्ट वेगळी. सेनगांवहून निघालेली मोटार हिंगोलीस विचारून निघत नाहीं, व तिला तसें विचारण्याची गरजही नसते. वाटेंत चाक बसलें, पुलावरून पाणी वाहूं लागलें, अगर बाजाराच्या गर्दींत अर्धा तास गेला, तर तें पुढील स्थानकास कळविणारी कोणतीही स्वयंभू व्यवस्था जुन्या पद्धतींत नव्हती. रेल्वेंत माहिती ही कामाची सावली आहे. काम झालें कीं ती पडतेच. मोटारींत ती मुद्दाम प्रयत्न करून निर्माण करावी लागते. हा भेद ज्याच्या ध्यानांत आला, त्यास स्थानकावरील अर्ध्या अडचणींचें कारण समजलें.

आतां आगारांत काम कसें चालतें तें पाहूं. एक गाडी व तिचे चालक-वाहक ह्यांना दिवसभरांत एकच फेरी नसते. सकाळीं एका खेड्यास जाऊन येणें, मग तालुक्याच्या गांवीं, तेथून परत, पुन्हां दुसरीकडे, अशी फेऱ्यांची माळ ओंवलेली असते. ह्याचा परिणाम असा होतो कीं, दुपारीं तीन वाजतां होणारा उशीर हा पुष्कळदां सकाळीं नऊ वाजतांच जन्मलेला असतो. पहिल्या फेरींत वीस मिनिटें गेलीं, तर तीं पुढील प्रत्येक फेरींत बरोबर येतात. प्रवासी मात्र समजतो कीं, गाडी आतांच कोठें तरी रेंगाळली. खरें पाहतां, तिला उशीर होणार हें जाणत्या मनुष्यास तीनचार तास आधींच सांगतां आलें असतें.

आणि असा जाणता मनुष्य स्थानकावर असतो. त्यास वाहतूक नियंत्रक म्हणतात. गाडी स्थानकांत आली कीं वाहक त्याच्याकडे जाऊन नोंद करतो; येण्याची वेळ, सुटण्याची वेळ हीं कागदावर चढतात. कोणती गाडी आली, कोणती आली नाहीं, कोणत्या गाडीस चालक मिळाला नाहीं, कोणती फेरी आज रद्द झाली, ह्यांतील बरेंच कांहीं त्या खिडकीच्या आंत ठाऊक असतें. तेव्हां आमचें पहिलें म्हणणें असें कीं, स्थानकावर माहितीचा दुष्काळ नसतो. माहिती असते, पण ती खिडकीच्या आंत असते. आणि ज्यांना तिची गरज ते खिडकीच्या बाहेर असतात. विहिरींत पाणी भरपूर आहे, परंतु पोहऱ्यास दोर पुरत नाहीं, अशांतला हा प्रकार आहे.

मग चांगली माहिती कोणती? आमच्या मतें तिच्या चार कसोट्या आहेत. ती समजेल अशी असावी, खरी असावी, वेळेवर मिळावी आणि सर्वांपर्यंत पोंचावी. ह्या चार कसोट्या एकेक घेऊन पाहूं.

समजेल अशी म्हणजे काय, हें वेळापत्रकाच्या फलकावरून चांगलें दिसतें. पुष्कळ ठिकाणीं फलकावर गाड्या सुटण्याच्या वेळेप्रमाणें लिहिलेल्या असतात. पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची. आगारास ही मांडणी सोयीची आहे, कारण त्याचें काम घड्याळाप्रमाणें चालतें. परंतु प्रवासी मनांत घड्याळ घेऊन येत नाहीं, तर गांवाचें नांव घेऊन येतो. त्यास सेनगांवास जावयाचें असेल, तर सेनगांव हें नांव शोधीत त्यानें पन्नास ओळी वाचाव्या काय? तेवढ्यांत गाडी निघून जावयाची. तोच फलक नांदेडकडे, परभणीकडे, वाशीमकडे, सेनगांव-रिसोडकडे अशा दिशांप्रमाणें विभागला, तर जें काम पांच मिनिटांचें तें अर्ध्या मिनिटांत होतें. वेळ लिहितांनाही १७.३० असें लिहिल्यास शिकलेल्यास कळतें. परंतु ज्याचें घड्याळ सकाळ, दुपार, सांज ह्यांवर चालतें, त्यास "सायंकाळीं साडेपांच" हेंच शब्द बरे वाटतात. दोन्ही लिहिण्यास कितीशी जागा लागते?

नांवांचा घोटाळा तर ह्याहूनही मोठा आहे, आणि आमच्या जिल्ह्यांत त्यास तोटा नाहीं. हिंगोलीहून नांदेडास जाण्यास दोन वाटा आहेत. एक कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर अशी. दुसरी औंढा व वसमत ह्यांवरून. ज्यास शेवटपर्यंत नांदेडास जावयाचें त्यास कोणतीही चालेल. परंतु ज्यास मध्येंच अर्धापुरीं उतरावयाचें आहे, तो जर औंढ्याच्या वाटेनें गेला तर त्याचा दिवस फुकट गेला. म्हणून पाटीवर "नांदेड" एवढेंच लिहिणें पुरेसें नाहीं. त्याखालीं "मार्गे" ह्या शब्दापुढें जें लिहितात, तेंच अर्ध्याहून अधिक प्रवाशांचें खरें गांव असतें.

शिवाय एकाच नांवाचीं गांवें. आखाडा बाळापूर आमच्या कळमनुरी तालुक्यांत, आणि नुसतें बाळापूर अकोला जिल्ह्यांत. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेलें नर्सी हिंगोलीजवळ, आणि दुसरें नर्सी नांदेड जिल्ह्यांत नायगांव तालुक्यांत. गोरेगांव म्हटलें कीं मुंबईकरास आपलें उपनगर आठवतें, पण सेनगांव तालुक्यांतही एक गोरेगांव आहे. वसमत कोणी वसमत लिहितो, कोणी बसमत. खेड्यांच्या नांवांपुढें बुद्रुक व खुर्द असे शब्द असतात. मूळ फारशींतील हे शब्द, पहिल्याचा अर्थ मोठें व दुसऱ्याचा लहान. पाटी रंगविणारा जागा वांचविण्यासाठीं हींच अक्षरें गाळतो, आणि मोठ्या गांवचा पाहुणा धाकट्या गांवीं जाऊन उतरतो. ज्या शब्दानें दोन गांवें वेगळीं होतात तोच शब्द गाळणें, ह्यास काटकसर म्हणतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट नवख्या प्रवाशास नेहमीं फसविते. गाडीच्या अंगावर तिच्या आगाराचें नांव रंगविलेलें असतें. तें त्या गाडीचें घर होय, तिचें गंतव्यस्थान नव्हे. वसमत आगाराची गाडी त्या घटकेस भलत्याच गांवीं निघालेली असूं शकते. परंतु ज्यास अक्षरें जुळवून कशीबशीं वाचतां येतात, तो जें नांव मोठें दिसेल तेंच वाचतो आणि चढून बसतो. घराचें नांव ठळक व वाटेचें नांव पुसट, असा हा उलटा व्यवहार आहे.

दुसरी कसोटी खरेपणाची. वेळापत्रक लिहिलें त्या दिवशीं तें बहुधा खरेंच असतें. त्याचा खरेपणा हळूहळू झिजतो. शाळेच्या दिवसांपुरत्या चालणाऱ्या फेऱ्या सुटींत बंद होतात. बाजाराच्या दिवशींची जादा गाडी इतर दिवशीं नसते. महाशिवरात्रीस औंढ्याच्या यात्रेसाठीं किंवा दसऱ्यास गाड्या वळविल्या, तर इतरत्र फेऱ्या कमी पडतात. कांहीं वेळां तर मोठा खंडच पडतो. मार्च २०२० मध्यें महासाथीच्या टाळेबंदींत एस. टी. थांबली. पुढें ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. अशा खंडानंतर सेवा पुन्हां उभी राहते ती टप्प्याटप्प्यानें. कांहीं फेऱ्या परत येतात, कांहीं येत नाहींत. भिंतीवर तेलरंगानें लिहिलेलें वेळापत्रक मात्र कधीं संपावर जात नाहीं. तें जुन्याच वेळा जुन्याच विश्वासानें सांगत राहतें. म्हणून ज्या फलकावर "अमुक तारखेपासून लागू" हे शब्द नाहींत, त्यावर भरंवसा ठेवण्यापूर्वीं सुज्ञानें चौकशी करावी. औषधाच्या बाटलीवर तारीख पाहणारा मनुष्य वेळापत्रकावरही ती पाहूं लागला, तर पुष्कळ त्रास वांचेल.

तिसरी कसोटी वेळेवर मिळण्याची, आणि आमच्या मतें सर्वांत अधिक दुर्लक्ष हिच्याकडेच झालें आहे. गाडी आली हें सांगण्याची फारशी गरज नसते. ती डोळ्यांना दिसते. गाडी येणार नाहीं हें सांगण्याची गरज असते, आणि तेंच बहुधा सांगितलें जात नाहीं. गाडी लागल्यावर "लागली" म्हणून पुकारणें हें वरातीमागून घोडें होय. परंतु "सायंकाळची अमुक गाडी आज रद्द आहे" एवढें वाक्य जर दुपारीं चार वाजतां फळ्यावर लिहिलें गेलें, तर चाळीस माणसांचे चाळीस मार्ग मोकळे होतात. कोणी दुसऱ्या वाटेनें जाईल, कोणी काळीपिवळी गांठील, कोणी घरीं निरोप धाडील, कोणी नातेवाइकाकडे मुक्काम करील. हेंच वाक्य रात्रीं आठ वाजतां कळलें, तर ह्यांपैकीं एकही मार्ग उरत नाहीं. होकाराची बातमी उशिरां आली तरी आनंद देते. नकाराची बातमी उशिरां आली म्हणजे तिचें मोल शून्य होतें.

मुक्कामी गाडीचें उदाहरण घ्या. सायंकाळीं तालुक्याहून निघून ती दूरच्या खेड्यांत रात्रभर थांबते आणि पहाटे माणसें घेऊन परत येते. सकाळीं दवाखान्यांत जाणारा रोगी, परीक्षेस जाणारा विद्यार्थी, कोर्टाच्या तारखेस निघालेला शेतकरी, हे सर्व तिच्यावर विसंबून असतात. रात्रीं न आलेली गाडी सकाळींही नसते, हें गणित सोपें आहे. परंतु ती रात्रीं येणार नाहीं हें खेड्यास कोण सांगणार? लोक कानोसा घेत बसतात, आणि मध्यरात्र झाली म्हणजे आपसांत अनुमान करतात. स्थानकांत तरी एक खिडकी असते. वारंगा फाट्यासारख्या जागीं, किंवा झाडाखालच्या विनंती थांब्यावर उभ्या असलेल्यास विचारावयास चहावाल्याखेरीज दुसरें कोणी नसतें. आणि पुष्कळदां तो चहावालाच त्या मार्गाचें सर्वांत खरें वेळापत्रक असतो.

चौथी कसोटी सर्वांपर्यंत पोंचण्याची. फलक कितीही सुंदर असला तरी ज्यास वाचतां येत नाहीं त्यास तो भिंतीसारखाच आहे. शासनानें ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस एस. टी. चा प्रवास मोफत केला, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें भाडें केलें. ह्या सवलतींनीं जिचें पाऊल पूर्वीं पैशासाठीं अडत होतें, ती वृद्धा एकटी प्रवासास निघूं शकते. परंतु तिच्यासाठीं भाडें कमी झालें म्हणून अक्षरें सोपीं झालीं नाहींत. शिवाय आमच्या जिल्ह्यांत तांड्यांवर गोरमाटी बोलणारे लोक आहेत, शहरांतून उर्दू वाचणारे आहेत. एकाच लिपींतील एकच फलक सर्वांस सारखाच बोलका होत नाहीं.

ह्या अडचणीवर परदेशांत एक सुंदर उपाय झालेला आहे. मेक्सिको देशाच्या राजधानींत १९६९ सालीं भुयारी रेल्वे सुरू झाली. पुष्कळ नागरिकांस वाचतां येत नाहीं हें जाणून तेथें प्रत्येक स्थानकास नांवाबरोबर एक चित्र दिलें. लान्स वायमन ह्या चित्रकारानें ती योजना आंखली. चापुल्तेपेक ह्या स्थानकाच्या नांवाचा अर्थ टोळांची टेंकडी असा आहे, म्हणून त्याची खूण टोळ. निरक्षर मनुष्य "टोळाच्या स्थानकावर उतर" एवढें लक्षांत ठेवून बिनचूक उतरतो. आपल्याकडे औंढ्याच्या गाडीवर देवळाचें शिखर, वसमतच्या गाडीवर तेथील प्रसिद्ध हळदीची कांडी, नर्सी नामदेवच्या गाडीवर टाळ, अशा खुणा रंगविल्या तर त्यास कितीसा खर्च येईल?

चित्र डोळ्यांचें काम करील. कानांसाठीं ध्वनिक्षेपक आहे. तो जेथें आहे तेथें त्याचा उच्चार स्पष्ट असावा, गांवांचीं नांवें दोनदां सावकाश घ्यावीं, आणि दोन उद्घोषणांच्या मध्यें जाहिरातींचा कल्लोळ नसावा. अंध प्रवाशास ध्वनिक्षेपकाशिवाय दुसरा आधार नाहीं, आणि बधिरास फलकाशिवाय नाहीं. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा बसथांबे व स्थानकें ह्यांवर त्यांस वापरतां येतील अशा सोयी असाव्यात असें स्पष्ट सांगतो. म्हणून बोललेली व लिहिलेली अशी दोन्ही प्रकारची माहिती देणें हें दयेचें काम नसून कर्तव्याचें आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, आतां ह्या जुन्या फळ्यांची व भोंग्यांची गरज काय? प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे. ह्या आक्षेपांत तथ्य आहे. गाडीवर स्थानदर्शक यंत्र बसवून ती कोठें आहे हें दाखविण्याची योजना महामंडळानें २०१९ च्या सुमारास हातीं घेतली. रेल्वेजवळ जें आपोआप होतें आणि मोटारीजवळ नव्हतें, म्हणून आम्हीं वर सांगितलें, ती उणीव ह्या यंत्रानें भरून निघण्यासारखी आहे. ही लहान गोष्ट नव्हे. तथापि यंत्र गाडीचें ठिकाण सांगतें. न निघालेल्या गाडीचें कारण सांगत नाहीं. तसेंच ज्याच्या हातीं साधा फोन आहे, ज्याची बॅटरी उतरली आहे, किंवा ज्याच्या गांवीं लहरी पोंचत नाहींत, त्यास भिंतीवरचा फळाच आधार. नवीन साधन आलें म्हणून जुनें काढून टाकणें म्हणजे नदीवर पूल बांधण्यास सुरुवात होतांच नाव फोडून टाकण्यासारखें आहे.

एवढें लिहिल्यावर दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. खिडकींतील मनुष्यावर रागावणें सोपें आहे. परंतु त्यानें एका हातानें नोंदी करावयाच्या, दुसऱ्या हातानें दूरध्वनि घ्यावयाचा, वाहकांचे प्रश्न सोडवावयाचे, आणि त्याच वेळीं तोच एक प्रश्न शंभरांदां ऐकून शंभरांदां गोड उत्तर द्यावयाचें, ही अपेक्षा माणसाकडून जरा अधिकच होते. विचारण्यास येणारे शंभर लोक हे त्याच्या उद्धटपणाचें फळ नसून मुक्या भिंतीचें फळ आहेत. भिंत बोलूं लागली तर खिडकीस विसांवा मिळेल, आणि मग जो खरोखर अडलेला आहे त्यास उत्तर देण्यास तिला सवड सांपडेल. चांगला फलक प्रवाशाइतकाच नियंत्रकाचाही मित्र आहे.

ह्या साऱ्या प्रकरणांत सर्वांत मोठी हानि कोणाची होते? आमच्या मतें ती शिकणाऱ्या मुलीची होते. खेड्यांतील मुलींस बारावीपर्यंत शाळेसाठीं एस. टी. चा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमांत हिंगोली जिल्हा आरंभापासून आहे, आणि त्या कार्यक्रमाखालीं मुलींना शाळेंत नेणाऱ्या निळ्या रंगाच्या गाड्याही चालतात. हें सर्व स्तुत्य आहे. आतां अशी एक मुलगी डोळ्यांपुढें आणा. शाळा सुटली, ती स्थानकावर आली. गाडीची वेळ झाली व टळली. खिडकीशीं पुरुषांची दाटी. तींत शिरण्यास ती संकोचते. फलकावर गाडी आहे, फलाटावर नाहीं. येईल, येईल म्हणतां अंधार पडतो, आणि घरीं आईचा जीव टांगणीस लागतो. असें एकदां झालें तर घरचे सोसतात, दुसऱ्यांदां झालें तर रागावतात, आणि तिसऱ्यांदां कोणी तरी वडील मनुष्य म्हणतो, "पुरे झाली आतां शाळा." पास तिच्या पिशवींतच राहतो. त्या मुलीचें शिक्षण गाडीच्या अभावीं थांबलें असें नाहीं. गाडी आज नाहीं हें तिला चार वाजतां कोणीं सांगितलें नाहीं, म्हणून तें थांबलें. पासानें तिला बसण्याचा हक्क दिला; बातमी मिळण्याचा हक्क त्यास जोडला गेला नाहीं.

उपाय पुष्कळ आहेत, आणि त्यांतील उत्तम ते स्वस्त आहेत. प्रत्येक स्थानकावर खिडकीबाहेर एक काळा फळा असावा, व त्यावर खडूनें "आजचे बदल" एवढेंच लिहावें. वेळापत्रकावर तारीख असावी. प्रत्येक दिशेची शेवटची गाडी लाल अक्षरांत असावी, कारण चुकली असतां जिचा उपाय नाहीं ती तीच. "मार्गे" हा शब्द व त्यापुढील गांवें गाळूं नयेत. फलाटावर दिशेचें नांव ठळक असावें व गाडी शक्यतों त्याच फलाटावर लागावी. मुक्कामी गाडी रद्द झाल्यास गांवच्या एका जबाबदार मनुष्यास दूरध्वनि करण्याची चाल असावी. ह्यांपैकीं एकाही गोष्टीस मोठी इमारत किंवा मोठी रक्कम लागत नाहीं. लागतो तो रोजचा नियम.

शेवटीं आमच्या विद्यार्थी वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. पुढच्या सुटींत एखादे दिवशीं वही घेऊन आपल्या तालुक्याच्या स्थानकावर एक तास बसा. वहींत तीन रकाने आंखा. पहिल्यांत फलकावरील वेळ लिहा, दुसऱ्यांत गाडी खरोखर केव्हां सुटली तें लिहा, आणि तिसऱ्यांत त्या गाडीविषयीं किती जणांनीं विचारपूस केली तें मोजा. कोणाची निंदा करूं नका. जें दिसेल तेंच लिहा, आणि त्याची स्वच्छ प्रत करून नम्रपणें स्थानकप्रमुखांकडे द्या. तक्रारीची चिठ्ठी पुष्कळदां बाजूस पडते, परंतु नीट मोजून लिहिलेला कागद सहसा कोणी टाकून देत नाहीं. आणि त्या तासांत कोणी आजीबाई जवळ येऊन "बाळा, ही गाडी कोठें जाते रे?" असें विचारूं लागली, तर वही बाजूस ठेवून आधीं तिला तिच्या गाडींत बसवून द्या. स्थानकावरची माहिती सुधारण्यास तेथूनच आरंभ होतो.